दम परत द्या

करुणानं गोकुळचा दम घालवला, असं हर्सूलमध्ये अजून कुणी म्हणत असंल तर त्याला माझ्यापुढं आणा. मी कारभारी. सारी जिंदगी एसटीच्या वर्कशॉपात पाने फिरवले, अन् त्याच्या आधी, मधी, नंतर कबड्डी खेळलो, खेळवली, बघितली. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. त्या दिवशी मध्यरेषेला लागूनच खुर्ची टाकून बसलो होतो मी. काय ऐकू आलं अन् काय नाय, ते मला विचारा ना. पण मला कोण विचारतंय! गावाला एखादी गोष्ट गोड लागली की ती खरीच होऊन बसती.

करुणाचं घर विहाराच्या मागच्या गल्लीत. बाप गवंडीकामाला जायचा. पोरगी शाळेत असल्यापासून डाव्या कोपऱ्यावर खेळायची, अन् काय खेळायची! चढाईला आलेल्या पोरीचा घोटा एकदा हिच्या मुठीत आला की सुटायची बात नाय. कन्नडच्या स्पर्धेत तिनं एकीला अशी धरली, की त्या पोरीच्या गावचे लोक मैदानात उतरून भांडायला लागले, म्हणे हिनं हाताला काहीतरी लावलंय. पंचानं हात तपासले तर नुसती माती. मी तेव्हा संघाबरोबर गेलो होतो, अजून आठवलं की हसू येतं.

पुढं एका सामन्यात तिघीजणी अंगावर पडल्या अन् हिची कंबर धरली ती धरलीच. डॉक्टर म्हणले, खेळ बंद. ताठ पडून राहायची खाटंवर, कुशीवर वळायला आई लागायची. विहारात एक रिटायर झालेल्या नर्सबाई येत होत्या, त्यांनी हळूहळू आसनं शिकवली. ध्यान तर घरातच होतं. येणारा श्वास, जाणारा श्वास नुसता बघत बसायचा, हे बापानं लहानपणीच लावलेलं. कंबर सुटली, खेळ मात्र गेला तो गेलाच. लग्न झालं, नवरा पुण्याला कामाला म्हणून गेला अन् तिकडंच रमला. ही वाळूजला कंपनीत पॅकिंगला लागली. कंपनीच्या बसनं जायचं, बसनं यायचं. पण कधी तोंडातून रड नाय. मला याचाच राग यायचा. म्हणायचो, "अगं, एखादी शिवी तरी दे कुणाला. नवऱ्याला दे, कंपनीला दे, नायतर मला दे!" तर हसायची अन् म्हणायची, "नाना, चहा घेता का?"

आता गोकुळचं ऐका. सांडूचा पोरगा. सांडू टीव्ही सेंटरला भाजीचा गाडा लावतो. पोरगं उंच, हात लांब, पळायला वाऱ्यासारखं, पण अंग म्हणजे सागवान. खाली वाकला तर बोटं गुडघ्याच्या खाली जायची नायत. चढाईत कुणी पाय धरला की संपला. पुढं हात टाकायचा तर मध्यरेषा वीतभर लांब राहायची. रोजचं मरण. त्यात डोकं गरम. कुणी नुसती टपली मारली तरी अंगावर जायचा, मग पंच कार्ड दाखवून बाहेर बसवायचा. चढाईला निघताना मांडीवर अशी थाप ठोकायचा की मैदानापलीकडच्या जेलच्या भिंतीवरची कबुतरं उडावीत. लोकांना तेच आवडायचं. आमच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष अप्पाराव, प्लॉटिंगवाले, तर त्या थापेवरच खूश. "रग पाहिजे पोरात, रग!" म्हणायचे. अरे, रगीनं कंबर वाकती का?

अन् गोकुळचं हे ज्युनियर गटातलं शेवटचं वर्ष. जिल्ह्याच्या संघात नाव आलं तर राज्याच्या स्पर्धेला जायचं, तिथं चमकला तर खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात, नायतर रेल्वेत. नाय आलं तर वय उलटलं, बापाचा गाडा ढकला. एवढं सगळं त्या वीतभर अंतरावर अडकलेलं. म्हणून मीच करुणाकडं गेलो. म्हणलं, "पोरांचं अंग मोकळं कर. तुला हा खेळ माहितीय अन् मोडकी कंबरही माहितीय."

विहाराच्या हॉलमध्ये सकाळी, तिची बस यायच्या आधी, सतरंज्या पडल्या. आमच्याकडच्या काही घरांत नाकं मुरडली गेली. "विहारात कशाला जायचं पोरांनी? आपल्याला जागा नाय का?" जागा होती, शिकवणारी नव्हती. मी एकेकाच्या तोंडावर सांगितलं, कंबर काय जात विचारून वाकती का? गप्प बसले. मनातून गेलं नसंल, पण गप्प बसले.

पहिल्याच दिवशी मजा झाली. करुणा म्हणली, "श्वास घ्या." पोरांनी छात्या फुगवल्या. "आता सोडा." एक सोडंना. "सोडा की रे!" तोंडं लालबुंद, डोळे बाहेर, पण सगळे धरूनच बसले. मी मागं पोट धरून हसत होतो. म्हणलं, "करुणे, खेळ विसरलीस का? कबड्डीवाल्याला दम सोड म्हणती?"

ज्यांना खेळ माहीत नाय त्यांच्यासाठी सांगतो. चढाईला गेलेल्या गड्यानं एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं, अन् पंचाला ते स्वच्छ ऐकू गेलं पाहिजे. समोरच्यांच्या अंगणात दम सुटला की शिट्टी, गडी बाद. आमच्याकडं बाद नाय म्हणत, मेला म्हणतात. पोरगं चालायला लागल्यापासून त्याला एकच शिकवण, हाडं मोड पण दम सोडू नको. अन् ही बाई म्हणती सोडा!

तिनं कपाळाला हात लावला. मग म्हणली, "बरं बाबांनो, सोडू नका. घेतलाय ना कुणाकडून तरी? मग परत द्या." काय सांगू, सगळ्या छात्या एकदम खाली बसल्या. त्या दिवसापासून तिच्या वर्गात 'श्वास सोडा' हा शब्दच नव्हता. घ्या, अन् परत द्या. इंद्रजीत नावाचं एक पोरगं होतं, उजव्या कोपऱ्यावरचं, मस्करीखोर. ते शवासनाला तयार होईना. "ताई, मॅचच्या आधी मढ्यागत पडायचं? अपशकुन!" ही म्हणली, "तू तर मैदानात रोज मरतो अन् गडी टिपला की परत जिवंत होतो. तुला कसला रे अपशकुन? पड गुमान." पडला, अन् घोरायला लागला.

शिकवणं तिचं असं, की आसनाचं नाव नंतर, खेळातलं काम आधी. उकिडवं बसून मांड्या उघडायच्या, एक पाय पुढं अन् एक मागं लांबवून बसायचं, पाठ न वाकवता कमरेतून खाली जायचं. गोकुळ कण्हायचा, शिव्या हासडायचा. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "पाय धरला की तू जोर लावतो, म्हणून अडकतो. जोर लावू नको. कंबर खाली ने, मांडी सैल सोड, हात आपोआप पुढं जातो." मग दिवा लावून ज्योतीकडं टक लावून बघायला बसवायची, त्राटक म्हणतात ते. आधी पोरं एकमेकांना कोपरं मारून हसायची. नंतर हॉलमध्ये अशी सामसूम व्हायची की रस्त्यावरचा झाडू ऐकू यावा. "मैदानात समोरच्याच्या डोळ्यांत बघू नका," ती सांगायची, "डोळे फसवतात. कमरेकडं बघा. जिकडं कंबर, तिकडं गडी."

शेवटी भ्रामरी. ओठ मिटून भुंग्यासारखा घुमारा काढायचा. त्यानं गोकुळच्या 'कबड्डी'चा आवाजच बदलला. आधी किंचाळायचा अन् निम्म्या चढाईत हवा संपायची. आता आवाज पोटातून यायचा, खालच्या पट्टीत, न तुटता, लांबच लांब. आता हे नीट ऐका, कारण सगळं बालंट इथूनच आलं. करुणाला कळत होतं की पंचाला ऐकू गेलं पाहिजे. ती त्याला मैदानाच्या एका टोकाला उभं करायची अन् स्वतः दुसऱ्या टोकाला, जळगाव रोडच्या बाजूला जायची. मागनं ट्रक चाललेत, हॉर्न वाजतायत, अन् ही हात वर करून ओरडायची, "ऐकू नाय आलं. परत!" ट्रकांच्या वरून त्याचा दम तिच्या कानावर येईस्तोवर पोराला सोडायची नाय. मी साक्षीदार आहे. कसम खाऊन सांगतो.

पोरगं बदललं. टपली मारली तर नुसतं बघायचं. मांडी ठोकणं तर आपसूकच बंद झालं. अप्पारावांना ते खटकलं. "काय रे, गार पडला का? बाईनं भजनी मंडळात घातलं का तुला?" गोकुळ हसला फक्त.

पाचोडच्या सामन्यात तर कमाल झाली. तिथला एक आडदांड गडी, त्यानं गोकुळचा घोटा धरला, वरून आणखी दोघं पडले. पहिला गोकुळ असता तर तिथंच खेळ खलास. पण ह्यानं कंबर अशी खाली नेली, मांडी अशी उघडली, की मातीवरून हात सरकत सरकत गेला अन् बोटं रेषेवर टेकली. दम चालूच. लोक उभे राहिले. परत आल्यावर ह्यानं करुणाच्या पायाला हात लावला. "ताई, संघात नाव आलं की पहिला हार तुमच्या गळ्यात." तिचे डोळे भरले. मला म्हणली, "नाना, माझी कंबर तिथवर गेली नाय. ह्याची जाईल." तिनं स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मला आठवत नाय. हे एवढंच मागितलं.

अन् मग निवडीचा दिवस आला. स्पर्धा आमच्याच मैदानावर, म्हणजे मिरवायला अप्पारावांना कोण अडवणार? मांडव, फेटे, भिंतीएवढे डीजेचे बॉक्स. कुणी तरी मोठे पाहुणे येणार होते, त्यांचीच सगळ्यांना फिकीर. निवड समितीचे लोक पहिल्या रांगेत, पण माना सारख्या रस्त्याकडं.

शेवटचा सामना, शेवटची चढाई, गोकुळ आत गेला. मांडी ठोकली नाय, ओरडला नाय. एकाला पायानं टिपलं, दुसऱ्याला हातानं, अन् वळताना कोपऱ्यावरच्यानं घोटा धरला. तिघं तुटून पडले. कंबर खाली गेली, हात सरकायला लागला. मी वाकून ऐकत होतो. 'कबड्डी कबड्डी कबड्डी', एक अक्षर तुटलं नाय.

नेमक्या त्याच वेळेला गाड्या आल्या. डीजे दणाणला. खुद्द अप्पाराव माईकवर, "आगमन झालेलं आहे! सर्वांनी जोरदार स्वागत करावं!" समितीचे लोक हार घेऊन उठलेसुद्धा. पंच पलीकडच्या बाजूला, त्याच्या पाठीला बॉक्स लागलेला. गोकुळची बोटं रेषेच्या अलीकडं आलेली होती, माझ्या बुटापाशी, अन् शिट्टी वाजली. "दम ऐकू आला नाय. गडी बाद."

मी उठलो. पंचाला काय काय बोललो ते छापण्यासारखं नाय. मंडळाच्या पोरांनी मला धरून खाली बसवलं, "नाना, पाहुण्यांसमोर तमाशा नको." करुणा रेषेबाहेर उभी होती, ओठ घट्ट मिटून. म्हणलं, "बोल की गं!" तर म्हणती, "पंचांना खरंच ऐकू आलं नसंल, नाना. एवढ्या आवाजात कसं येणार?" अशा वेळेला न्याय करत बसली होती ती! मला तिचाच संताप आला.

नावं वाचली. इंद्रजीतचं आलं, गोकुळचं नाय. समितीतला एकजण सांगत होता, "पोरगा चपळ आहे, पण दम कच्चा. अन् अंगात रग दिसत नाय, साधी मांडीसुद्धा ठोकत नाय."

संध्याकाळपर्यंत गावात पसरलं. भ्रामरी म्हणे! पोरगं भुंग्यावानी गुणगुणतंय, पंच काय ऐकणार? योगा करून करून मुकं केलं बाईनं. ही गोष्ट पहिल्यांदा कुणाच्या ओट्यावरून निघाली, ते सांगायला ज्योतिषी नको. डीजे कुणी लावला, माईकवर कोण बोंबलत होतं, हे कुणी विचारायच्या आधीच नाव करुणाचं झालं पाहिजे होतं. झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. अन् विहारात पोरं पाठवल्याचं ज्यांच्या मनात खुपत होतं, त्यांना तर आयतंच कोलीत मिळालं. "आम्ही तेव्हाच म्हणलो होतो," म्हणायला सगळे मोकळे.

सांडू तिच्या दारात आला. माणूस गरीब, पण पोराचं वाटोळं झालं की गरीबही चवताळतो. "माझ्या पोराची जिंदगी बरबाद केली तू! चांगला आरडत होता, ओरडत होता, तू त्याला थंड केलं!" गल्ली गोळा झाली. करुणा त्याच्याकडं बघतच नव्हती. मागं गोकुळ उभा होता, त्याच्याकडं बघत होती. म्हणली, "गोकुळ, तूच सांग बाबा. आवाज होता का नाय?"

गोकुळ चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिला. जळगाव रोडच्या ट्रकांना भारी पडणारा आवाज, पण घशातून चकार शब्द निघाला नाय. करुणानं परत विचारलं नाय. आत गेली अन् दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला तलावाकडं गाठला. कॉलर धरली. "लाज नाय वाटत? खरं का बोलला नाय?" तो म्हणला, "नाना, अप्पाराव भाऊंनी त्यांच्या ऑफिसात कामाला घेतो म्हणलंय. आता त्यांच्याच डीजेचं नाव कसं घेऊ? वय तर गेलं माझं." माझी मूठ वळली होती, पण कॉलर सुटली. वय उलटलेल्या खेळाडूला दुसरं दार कोण उघडतंय, हे मला कळत होतं. कळत होतं म्हणून जास्तच चिडलो. त्या दिवशी मी जेवलो नाय.

विहारातल्या सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. घरच्यांनी पोरं बंद केली. करुणा एकटीच सकाळी हॉलमध्ये जाऊन बसायची, बस आली की जायची.

तिकडं इंद्रजीत राज्याच्या स्पर्धेत चांगला खेळला. पेपरात फोटो आला. कुणी तरी विचारलं, एवढं लवचीक अंग कसं काय, तर बिचारं पोरगं खरं बोललं, योगा करतो. झालं! अप्पारावांच्या कानात वारं शिरलं. जूनमधल्या योगदिनाला चौकात बॅनर लागला. मांडी घालून, डोळे मिटून अप्पाराव, पोट मांडीवर. 'योगातून कबड्डी. संकल्पना व मार्गदर्शन', अन् खाली त्यांचंच नाव. ह्या माणसाला स्वतःच्या बुटाची नाडी बांधायला माणूस लागतो! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

अन् करुणाला निरोप द्यायला पाठवलं कुणाला? गोकुळला. मी तिच्याकडं चहा घेत बसलो होतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाइल, त्यातला एक भाऊंचा. दारातूनच म्हणला, "ताई, भाऊंनी बोलावलंय. स्टेजवर नाय, मागं उभ्या राहा म्हणले. पोरांचं काही चुकलं तर."

करुणानं एवढंच विचारलं, "कमरेचं करतो का रोज?"

"टाइम नाय मिळत, ताई."

तो गेल्यावर मी म्हणलं, "तू जर तिथं गेलीस तर मी तुझ्या दारात पाय ठेवणार नाय. तुझ्या हाताचं घेऊन तुलाच मागं उभं करतात, अन् तू जाती?" ती म्हणली, "पोरांनी काय केलंय, नाना? कुणी तरी उलटंसुलटं वाकवलं अन् एखाद्याची कंबर धरली तर? ते काय असतं ते मला माहितीय." मीपण गेलो.

मैदान भरलेलं. शाळेची पोरं, बाया, अधिकारी, पुढच्या रांगेत मंडळाची कबड्डीची पोरं, नव्या टी-शर्टांत, त्यावर अप्पारावांचा फोटो. स्टेजवर अप्पाराव माईक घेऊन. त्यांच्या मागं पाण्याची बाटली धरून गोकुळ. करुणा अन् मी पार कडेला, त्याच डीजेच्या बॉक्सपाशी.

"श्वास घ्या," अप्पारावांनी हुकूम दिला. सगळ्या मैदानानं घेतला. "आता सोडा."

सगळ्या मैदानानं भस्सकन सोडला. कबड्डीच्या पोरांनी सोडला नाय. छात्या फुगलेल्या, तशाच. "सोडा!" अप्पाराव ओरडले. एक हलंना. "अरे सोडा म्हणलं ना!" पोरांची तोंडं लाल झाली, अन् इंद्रजीतची नजर हळूच कडेला वळली, आमच्याकडं. मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. करुणा पुढं झाली, अन् नेहमीच्याच आवाजात म्हणली, "परत द्या, बाळांनो."

सगळ्या छात्या एकदम खाली बसल्या. अप्पारावांना वाटलं आपल्याच ओरडण्यानं झालं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. मी तिच्याकडं वळलो. म्हणलं, बघ गं, पोरं विसरली नायत तुला. पण करुणा पोरांकडं बघतच नव्हती. ती स्टेजकडं बघत होती. भाऊंनी पहिल्यांदा 'सोडा' म्हणलं, तेव्हाच गोकुळनं दम सोडला होता. मी पाहिलं होतं. तिनंही पाहिलं होतं.

"मेला, नाना," ती म्हणली.

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून तो शब्द मी मैदानाबाहेर कधी ऐकला नव्हता. शिवी होती का निकाल होता, मी विचारलं नाय. तिनं पिशवी खांद्याला लावली अन् बस गाठायला निघून गेली.